खिसे झाडणारे बिरादार सर

आमच्या घरून पाहुणा निघाला की आधी चपला शोधतो, मग ‘येतो हं’ म्हणतो आणि पुन्हा पंधरा मिनिटं उंबऱ्यात बोलत उभा राहतो. बिरादार सरांचं तसं नाही. ते सरळ फाटकापाशी जातात, शर्टाचा खिसा उलटा करतात, पँटीचे दोन्ही खिसे बाहेर ओढतात, वाकून पँटीच्या खालच्या दुमडी झटकतात, चपला काढून एकमेकींवर आपटतात आणि मगच फाटक उघडतात. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मला वाटलं, सोफ्यावर मुंग्या झाल्या असाव्यात. दुसऱ्यांदा वाटलं, आपल्या बोलण्यातून यांना चोरीबिरीचा संशय तर आला नाही ना. तिसऱ्यांदा मी विचारलंच.

“सवय आहे,” ते म्हणाले. “प्लॉटमधून बी बाहेर जाता कामा नये.”

मी म्हटलं, सर, तुम्ही आमच्या हॉलमध्ये बसून चहा प्यायलात, इथे कसला प्लॉट. त्यांनी मागे वळून हॉलकडे नीट पाहिलं, ‘हाव, तेबी खरं हाय’ म्हणाले, आणि उरलेली चप्पल झटकून गेले.

मन्मथ बिरादार हे त्यांचं पूर्ण नाव. मूळचे देवणीकडचे. नोकरी सगळी नांदेडला, बियाण्यांच्या एका संशोधन केंद्रात. निवृत्त झाल्यावर लातूरला आमच्या कॉलनीत, आमच्या समोरच्याच घरात राहायला आले. आले तेव्हा त्यांच्या पत्नी सुमनकाकू होत्या. दोन-तीन वर्षांत त्या गेल्या. मूलबाळ नाही. तेव्हापासून सर एकटेच आहेत, आणि त्यांचं शेजारपण मुख्यतः आमच्या वाट्याला आलेलं आहे.

त्यांचं सगळं आयुष्य वांग्यात गेलं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. वांग्यात एक अळी पडते. अंड्यातून बाहेर आली की ती शेंड्यात नाहीतर फळात शिरते आणि आपल्यामागे भोक बुजवून टाकते. एकदा आत गेली की बाहेरून औषध फवारा नाहीतर आरती म्हणा, तिला काही फरक पडत नाही. म्हणून शेतकरी ती आत जायच्या आधीच, एका दिवसाआड पाठीवर पंप घेऊन रानात उतरतो. सरांच्या केंद्रानं यावर वेगळाच इलाज काढला होता. मातीतल्या एका जिवाणूचा गुण त्यांनी वांग्याच्या झाडातच उतरवला होता. अळीनं ते फळ कुरतडलं की तिचं पोट बिघडायचं आणि ती तिथंच संपायची. माणसाला त्याचं काही होत नाही असं सर सांगतात, आणि लगेच पुढे जोडतात की आमच्या चाचणीपुरतं तरी तसं दिसलं, पुढचं पुढच्यांनी बघावं.

त्या चाचणीचा प्लॉट सरांच्या ताब्यात होता. भोवती दुहेरी कुंपण, दारावर राखणदार. आत गेलेला माणूस, मग तो झाडूवाला असो की दिल्लीचा साहेब, बाहेर येताना खिसे झाडूनच यायचा, कारण कपड्याला चिकटून एखादं बी बाहेर गेलं आणि कुणाच्या रानात उगवलं तर कुणाला जाब द्यायचा. हंगाम संपला की झाडं मुळासकट उपटायची आणि खड्ड्यात जाळायची. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस लग्नाच्या मांडवातून बाहेर पडतानाही खिसे झाडणारच. आमच्या नणंदेच्या लग्नात त्यांनी ते केलं तेव्हा वधूपक्षाकडून अक्षता परत घेतल्या जातात की काय, असं वरपक्षाला वाटलं होतं.

मग एक दिवस वरून आदेश आला आणि ते वांगं थांबलं. लोक बंदी आली म्हणतात. सर प्रत्येकाला दुरुस्त करतात की बंदी नव्हे, स्थगिती. या दोहोंत काय फरक आहे हे ते अर्धा तास समजावून सांगू शकतात, आणि ऐकणाऱ्याला शेवटी एवढंच समजतं की वांगं काही आलं नाही.

‘निरीक्षण वेगळं, निष्कर्ष वेगळा’ हे त्यांचं पालुपद. कॉलनीत कुणी म्हणालं, अमक्याची सून माहेरी गेली, भांडण झालं असणार, की सर हात वर करतात. सून माहेरी गेली हे निरीक्षण. भांडण झालं हा निष्कर्ष, त्याला पुरावा द्या. यामुळे बायकांच्या गप्पांत सर आले की विषय आपोआप पापडाकडे वळतो.

माझ्या सासूबाईंचं आणि त्यांचं मात्र जमतं. सासूबाई शिरूर अनंतपाळच्या, शाळा चौथीपर्यंत, पण कुणाला भिणाऱ्यातल्या नव्हेत. एकदा त्यांनी बाजारातून गुडघ्याचं तेल आणलं आणि आठवड्यात दुखणं पळालं म्हणून सगळ्यांना सांगत सुटल्या. सरांनी ऐकलं आणि गंभीरपणे सुचवलं की आक्का, आता महिनाभर एकाच गुडघ्याला लावा. दुसरा तसाच ठेवा, म्हणजे तुलना होईल. सासूबाईंनी खरोखर महिनाभर उजवाच गुडघा चोळला. महिन्यानंतर सर निकाल घ्यायला आले. दोन्ही गुडघे सारखेच बरे होते. सर खूश झाले, तेलाचा काही संबंध नाही हे सिद्ध झालं म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, “असं कसं, तेल चांगलं हाय म्हनून तिकडंबी झिरपलं.” सर आळीपाळीनं दोन्ही गुडघ्यांकडे बघत राहिले.

बाजारात त्यांची आणखी तऱ्हा. वांगी घेताना आपण भोक नसलेली निवडतो. सर भोकाचीच निवडतात. ज्या वांग्यात अळी जिवंत आहे त्यावर औषध कमी पडलं असणार, असा त्यांचा हिशेब, आणि तो निष्कर्ष नसून अंदाज आहे हेही ते भाजीवालीला सांगतात. सुरुवातीला भाजीवालीनं त्यांना वेडं ठरवलं. आता ती सगळी किडकी वांगी बाजूला काढून त्यांच्यासाठी ठेवते आणि त्यांना ‘किडके सर’ म्हणते. ते घरी जाऊन अळ्या काढतात, एका काचेच्या बरणीत पाल्यावर ठेवतात आणि पतंग होऊन बाहेर पडेपर्यंत रोज बघत बसतात. इतकी वर्षं ज्या किड्याशी लढले त्यालाच घरात पाळतात. मी एकदा चिडून म्हटलं, सर, मांजर पाळा. ते म्हणाले की मांजराला बोलायला माणूस लागतं, याला काही लागत नाही.

खरं सांगायचं तर कॉलनी त्यांच्यापासून जरा लांबच राहते. अर्ध्या लोकांना वाटतं, या माणसानं प्रयोगशाळेतलं काहीतरी भलतंच वांगं बनवलं, म्हणून त्यांनी परसातली मेथी दिली तरी घेतात आणि गाईला घालतात. उरलेल्या अर्ध्यांना वाटतं, यांच्याकडे ते बी कुठंतरी दडवलेलं असणार आणि हे चिकटपणानं कुणाला देत नाहीत. मागे एक दूरचे पाहुणे खास त्यासाठी पेढे घेऊन आले होते. सरांनी पेढे परत केले आणि त्यांना स्थगितीचा अर्थ समजावला.

येळ अमावस्येला हे लांब राहणं फार दिसून येतं. त्या दिवशी लातूर ओस पडतं. ज्याचं रान आहे तो रानात जातो, ज्याचं नाही तो ओळखीच्याच्या रानात जातो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून पूजा होते आणि मग दिवसभर सगळ्या भाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, प्यायला आंबील. रस्त्यानं जाणाऱ्या परक्यालाही हाताला धरून जेवायला बसवतात. आमची सगळी कॉलनी सकाळीच गाड्या भरून निघते, आणि बिरादार सर फाटकात उभे राहून सगळ्यांना हात करतात. कुणीतरी कॉलनीवर लक्ष ठेवायला पाहिजे, असं म्हणतात. लोक त्यांच्याकडे किल्ल्या देतात, गॅस बंद केला का ते बघा म्हणतात, आणि जातात. आम्हीही तसेच जात होतो.

यंदा सासूबाईंनी गाडीत बसता बसता पाय मागे घेतला. त्या थेट सरांच्या फाटकात गेल्या आणि विचारलं, “सर, तुमचं देवणीला रान हाय म्हनता, मग तुमी का जाईनात?”

रान अण्णांकडे आहे, सर म्हणाले. अण्णा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. एवढं सांगून ते थांबले असते, पण सासूबाई हललेल्या नव्हत्या. मग फाटकाची कडी वरखाली करत त्यांनी सगळं सांगितलं. मी शेजारीच उभी होते.

वडील लवकर गेले. अण्णांनी वांग्याच्या जोरावर या भावाला शिकवलं. एका दिवसाआड पंप पाठीवर. रात्री जेवायला बसले तरी अंगाला औषधाचा वास यायचा, आणि धाकट्याला तो वास म्हणजेच अण्णा असं वाटायचं. पुढे हा धाकटा नांदेडला लागला आणि हातात ते वांगं आलं तेव्हा त्याला पहिले आठवले ते अण्णा. वर्षातून एकदा, येळ अमावस्येला, अण्णा रानात विचारायचे की तुझं वांगं कधी येणार, आणि हा म्हणायचा, येणार.

शेवटी अण्णा एकदा एसटीनं नांदेडला आले. सरांनी साहेबांची परवानगी काढून त्यांना प्लॉटमध्ये नेलं. एका सरीत साधी वांगी, सगळी पोखरलेली. शेजारच्या सरीत ही नवी, एकालाही भोक नाही, आणि फवाऱ्याचा वास नाही. अण्णा त्या सरीत खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, मूठभर बी दे. सर म्हणाले, देता येत नाही. अण्णा उठले. दोघं दारापाशी आले, आणि तिथं रोजच्या सवयीनं, राखणदारासमोर, मजुरांसमोर, सरांनी थोरल्या भावाच्या बंडीचा खिसा उलटा केला.

“काय निघालं त्यातून?” सासूबाईंनी विचारलं.

चुन्याची डबी निघाली आणि एसटीचं तिकीट. अण्णांनी ते वाकून उचललं आणि चालू लागले. त्याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. त्यानंतर अण्णा सरांशी एक शब्द बोललेले नाहीत. काकूंच्या मातीला आले, उभे राहिले आणि परत गेले. एका हंगामानंतर तो प्लॉटही जाळला. म्हणजे ज्या नियमासाठी भावाचा खिसा झाडला त्या नियमाचंही पुढे काही उरलं नाही.

नियम मोडायला हवा होता का, असं मी विचारलं नाही, आणि सरांनीही तसं म्हटलं नाही. खिसा झाडायला नको होता, एवढंच ते म्हणाले. आता अण्णांचं वय झालं आहे, हात थरथरतात, पुढच्या अमावस्येला ते रानात असतील की नाही कोण जाणे. एकदा जायचं आहे. पण गेलो आणि ते ताटावरून उठून गेले तर?

“येळ अमुशाला रानात आलेल्याला कुनी उपाशी धाडत न्हाई,” सासूबाई म्हणाल्या. “दुश्मनालाबी न्हाई. चला.”

सर म्हणाले की ही रीत झाली, अण्णा कसे वागतील हे त्यावरून ठरवता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, तुम्ही ठरवत बसा, मी गाडीत बसते. किल्ल्यांचा जुडगा आमच्या यजमानांनी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे टाकला आणि आम्ही निघालो.

शिरूरला आमच्या रानात पूजा उरकली, नैवेद्य दाखवला, आणि न जेवताच देवणीची वाट धरली. सर पुढच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसले होते. ज्वारी कणसाला आलेली, हरभरा हिरवागार, प्रत्येक रानातून लोक हात करून बोलावत होते. मी त्यांना पिकाबद्दल काहीतरी विचारून पाहिलं. ज्या माणसाला पीक म्हटलं की थांबवता येत नाही, त्यानं नुसतं ‘हं’ केलं.

अण्णांच्या रानात पंधरा-वीस माणसं होती. गाडी बांधाला लागली तसं सगळं बोलणं थांबलं. अण्णा कोपीशेजारी घोंगडीवर बसले होते, धोतर, बंडी, डोक्याला टॉवेल. त्यांनी सरांना पाहिलं आणि मान बैलांकडे वळवली. सर जागच्या जागी उभे राहिले. ते आता परत गाडीकडे वळतील असं मला वाटलं. पण अण्णांची सून पुढे आली, चुलत सासऱ्यांना ‘मामा, या’ म्हणाली आणि तिनं आमच्यासोबत त्यांचंही ताट मांडलं. रीत सासूबाईंनी सांगितली तशीच निघाली.

आम्ही जेवायला बसलो. भज्जी उत्तम होती, पण मला तिची चव लागत नव्हती. सर खाली मान घालून खात होते. अण्णा चार हातांवर, पाठमोरे, आपल्या ताटाशी. त्यांचा हात खरंच थरथरत होता. डॉक्टर वय म्हणतात, घरचे फवारा म्हणतात, असं सून हळू आवाजात सांगून गेली. आंबिलीचा पेला त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. मग बैलांकडे बघतच ते बोलले.

“मन्मथ, येक इचारू का?”

सरांच्या हातातला उंडा तसाच राहिला. “इचारा की, अण्णा.”

“ते वांगं चवीला कसं व्हतं?”

सरांनी उंडा ताटात ठेवला. “ठाऊक न्हाई,” ते म्हणाले.

“मजाक नको करू.”

“खायाची मनाई व्हती, अण्णा. तोडायचं, चिरायचं, अळी बगायची आन जाळायचं. येक फोडबी मी तोंडात टाकली न्हाई.”

अण्णा आता वळले. सोळा वर्षांनी भावाकडे सरळ बघत होते, आणि त्यांचा विश्वास बसत नव्हता हे दिसत होतं. “मला वाटायचं, तू आन तुझ्या घरचे रोज खात असताल. बिनफवाऱ्याचं. म्हनून इचारलं न्हाई कदी.” मग म्हणाले, “तुझ्या बायकोला तरी?”

“सुमन लई इचारायची. येकदा चोरून आना म्हनायची. न्हाई आनलं. तशीच गेली ती.”

मला रडू आलं, हे कबूल करते. काकू असताना मी रोज त्यांच्याकडे जात होते आणि त्यांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. त्या घरात काय काय न बोललेलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. आणि इकडे देवणीत एक म्हातारा माणूस, पाठीवर पंप घेताना, दर वेळी मनाशी म्हणत होता की भाऊ तिकडं ते खातोय. खिसा झाडल्याचा अपमान तर होताच, पण खरं सलत होतं ते हे.

अण्णा उठले. आपलं ताट घेऊन आले आणि सरांच्या ताटाला ताट लावून बसले. त्यांनी भज्जीतली वांग्याची एक फोड शोधून काढली. “घरची सरी हाय,” म्हणाले, “हिला औषिद न्हाई मारत. किडकं सुनेनं काढून टाकलंय.” ती फोड सरांच्या ताटात ठेवताना त्यांचा हात हलला आणि ती सरांच्या पांढऱ्या पँटीवर पडली. सरांनी ती मांडीवरून उचलली आणि खाल्ली. मग अण्णांनी आंबिलीचा पेला घ्यायला हात पुढे केला तेव्हा सरांनी तो खालून धरला, आणि अण्णांचं पिऊन होईपर्यंत धरून ठेवला. आजूबाजूच्या लोकांनी पुन्हा बोलायला सुरुवात केली, कुणीतरी पोरांना ओरडलं, सासूबाईंनी आणखी भज्जी मागून घेतली.

उन्हं कलली तसे आम्ही उठलो. उजेड असेपर्यंत शिरूर आणि मग लातूर गाठायचं होतं. सरही उठले, गुडघ्यावर हात ठेवून, आणि गाडीकडे चालू लागले.

“तू कुठं निगाला?” अण्णांनी विचारलं.

“लातूरला.”

“कोन हाय तितं?”

सरांनी एकदा गाडीकडे पाहिलं. “कुनी न्हाई,” ते म्हणाले, आणि मागे फिरून घोंगडीवर बसले.